झील न उचललेलं गाणं

मी केळशीला खाकरलो की सावर्ड्याची कोंबडी आरवत. खोटं वाटत असेल तर कोंबड्यांना विचारा. गणपतीत जाखडीचे सामने होत. दोन पार्ट्या समोरासमोर. मधे बसलेल्या शाहिरानं ओळ टाकायची, भोवती नाचणाऱ्या पोरांनी ती उचलायची. ही झील. ती नसेल तर माझ्यासारख्या वाघाचंही मांजर होतं.

समोरच्या पार्टीचा शाहीर माझा जन्माचा वैरी. तो माझ्या आवाजाला फुटका भोंगा म्हणे, मी त्याच्या काव्याला शिळी पेज. आम्ही एकमेकांना इतकं धुतलं की घरी कपडे धोपटण्याचं काम उरलं नाही.

खाडीवर कारखाना येणार म्हटल्यावर मी गाणं रचलं, ‘खाडी आमची विकली कुणी?’ मोर्च्यात गायलो, पोलिसांच्या गाडीतही गायलो. हवालदारानं मांडीवर ठेका धरला, बिचाऱ्याची बदली झाली, असं मी तरी सांगतो. पोरं जीव तोडून झील उचलत.

कारखाना आला तो आलाच. खाडीतल्या खडकांवरची कालवं संपली, पोरं कारखान्याच्या गेटवर कामाला लागली. त्या गणपतीत मांडव कारखान्यानंच दिलेला, साहेब पहिल्या रांगेत. नाचणाऱ्यांचा म्होरक्या माझा पुतण्या. कानाशी येऊन म्हणाला, “काका, आज देवाचंच म्हणा हां.”

“का रे? देवाला कालवं चालत नाहीत?”

आणि टाकली खाडीचीच ओळ. ढोलकी वाजली, पोरांचे पाय नाचले, चाळ खुळखुळले. तोंड एकाचंही उघडलं नाही. पुन्हा टाकली. पुतण्या जमिनीकडे बघत नाचत राहिला.

तेवढ्यात समोरून झील आली. एकटी, खरखरीत. माझा वैरी! शेवटच्या कडव्यापर्यंत त्यानं सोडलं नाही.

गाणं संपल्यावर मी हात जोडले. “बुवा, उपकार झाले.”

“डोंबलाचे उपकार! माजा पोरगा पण त्याच गेटवर हाय. माज्या पोरांनी तरी खय तोंड उघडलं? दोन म्हाताऱ्यांनी बोंबलायचं, दुसरं काय!”

पुढच्या वर्षापासून मंडळानं दोघांनाही बोलावलं नाही. पोरं स्पीकरवर नाचतात. त्यात झील आधीच भरलेली असते.

पुतण्या दर चतुर्थीला माझ्या पाया पडतो. मी डोक्यावर हात ठेवतो. तोंड उघडत नाही.