थोरल्या घराचं दूध

पेरिझात लग्न होऊन कारा-बुलुन गावात आली, तेव्हापासून 'बाजार' हा शब्द तिनं तोंडातून काढला नव्हता. बाजाराच्या दिवशी जन्मले म्हणून तिच्या सासऱ्यांच्या थोरल्या भावाचं नाव बझारबाय; गाव त्यांना मानानं बझारबाय-आता म्हणे. सुनेनं थोरल्यांचं नाव घ्यायचं नाही, आणि त्या नावासारखा शब्दही उच्चारायचा नाही. म्हणून नारिन शहरात तेल-मीठ आणायला निघाली की ती सांगायची, "खरेदीला जाऊन येते." ऐकणाऱ्यालाही त्यात काही वावगं वाटत नसे. गावातल्या सगळ्याच सुना अशाच बोलायच्या.

सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. नवरा दूर परदेशी, कझान शहरात बांधकामावर. घरात सासू नुरिपा-आपा, दोन मुली आणि पेरिझात. अंगणातल्या शेडमध्ये गावच्या दुधाची टाकी होती. सकाळ-संध्याकाळ बायका कॅन घेऊन यायच्या, दूध मोजून टाकीत ओतलं जायचं, चीज कारखान्याची गाडी ते घेऊन जायची आणि महिनाअखेरीला पैसे द्यायची. हिशेब पूर्वी नुरिपा-आपा वहीत, घराघराच्या खुणांनी ठेवायच्या. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तेव्हा सहकारी मंडळानं पेरिझातला नारिनला शिकायला पाठवलं आणि येताना एक जुना लॅपटॉप हाती दिला.

तिकडे शिकलेलं लॅपटॉपवरच्या तक्त्याचं एक सूत्र तिला फारच आवडलं होतं. कोणी, कधी, किती दूध घातलं हे एकाखाली एक लिहीत जायचं. महिना संपला की दुसऱ्या पानावर एकेक नाव लिहायचं आणि सूत्राला सांगायचं, ज्या ज्या ओळीत हे नाव दिसेल तिथले लिटर उचल आणि बेरीज कर. डोळ्याची पापणी लवायच्या आत प्रत्येकीचा आकडा समोर हजर.

पहिल्या महिन्याचे पैसे वाटले आणि पैशांच्या डब्यात सोमच्या बऱ्याच नोटा उरल्या. पेरिझातनं त्या पुन्हा मोजल्या. तेवढ्यात बझारबाय-आतांची बायको शार्शेकान दारात उभी राहिली. हातात पैशांचं पाकीट.

"पोरी, माझ्या तीन गाई महिनाभर काय वाळूत धार देत होत्या?"

"काय झालं, आपा?"

"काय झालं ते तुझ्या त्या हिशेबाच्या पेटीला विचार. निम्मेसुद्धा पैसे नाहीत यात. माझं सोड, बाहेर बायका काय बोलतायत ते ऐक. पेटी यांच्याच घरात, पैसेही यांच्याच घरात."

पेरिझातचे कान तापले. चहा ठेवते म्हणाली, पण शार्शेकान बसली नाही.

त्या दिवशी पेरिझातनं तंदूरला पाव लावण्याचं काम मुलींवर सोपवलं आणि ओळ न् ओळ वाचायला बसली. फार खाली जावं लागलंच नाही. हिशेब घरच्या पुरुषाच्या नावानं ठेवायची रीत. पण थोरल्या सासऱ्यांचं नाव तिच्या बोटांनाही उमटवता आलं नव्हतं. म्हणून एका दिवशी तिनं लिहिलं होतं 'थोरलं घर', दुसऱ्या दिवशी 'वरच्या आळीचे', कधी 'खरेदीच्या दिवशी जन्मलेले'. तिला स्वतःला प्रत्येक वेळी कळत होतं कोणाचं दूध ते. सूत्राला कुठून कळणार? बेरजेच्या पानावर 'थोरलं घर' होतं, म्हणून सूत्रानं तेवढंच उचललं.

संध्याकाळची धार काढायच्या आत ती वरच्या आळीत गेली, राहिलेले पैसे शार्शेकानच्या हातावर ठेवले आणि चूक आपलीच असल्याचं सांगितलं. शार्शेकाननं पैसे मोजून घेतले. "या खेपेला कळलं," ती म्हणाली, "दर खेपेला कळेल का?"

परत येताना पेरिझातच्या डोक्यात तेवढंच घोळत होतं.

मंडळाच्या माणसाला फोन लावला तर तो हसला. "नाव लिहून टाका की, ताई. कोण बघायला येतंय?"

नुरिपा-आपांनी ते ऐकलं होतं. "हातानं लिहिलं काय आणि तोंडानं घेतलं काय. माझ्या घरात हे चालायचं नाही."

"मी नाव लिहिणार नाही, आपा," पेरिझात म्हणाली. "पण कोणाचा थेंबभरही इकडचा तिकडे होऊ देणार नाही."

तिनं लाल रंगाचा डबा आणला आणि प्रत्येक घराच्या कॅनवर आकडा रंगवायला घेतला. आता ओळीत नाव नको, नुसता आकडा. बायकांनी कडाडून विरोध केला. "नंबर मेंढ्यांना देतात," खालच्या आळीची उपील म्हणाली, "मला अजून शिंगं फुटलेली नाहीत." शिवाय पहिला नंबर कोणाचा यावरून दोघी-तिघींची जुंपली. पेरिझात कोणाशी वाद घालत बसली नाही. एक नंबर थोरल्या घराला देऊन ती पुढच्या कॅनकडे वळली.

पण कारखान्याला आता पावतीवर नाव हवंच होतं. म्हणजे एकदा तरी, आकड्यापुढे नाव लिहिलेली यादी करणं भाग होतं. बाकीची नावं तिनं लिहिली, एक नंबरपुढची जागा रिकामी ठेवली आणि लॅपटॉप सासूपुढे सरकवला.

"एवढं तुम्ही लिहा, आपा. अक्षर मी मोठं करून देते."

नुरिपा-आपा मागे सरकल्या. "अगं, ते माझे थोरले दीर. चाळीस वर्षांत मी कधी नाव घेतलं नाही, आता म्हातारपणी घेऊ?"

त्याच वेळी शार्शेकान दूध घेऊन आली. दोघींनी तिच्याकडे पाहिलं. तिनं कॅन खाली ठेवला.

"माझ्याकडे काय बघता? नवऱ्याचं नाव मी घेऊ?"

नुरिपा-आपांनाच आधी हसू फुटलं. शेवटी एका मुलीला वरच्या आळीत पिटाळलं. बझारबाय-आता पांढरी टोपी सारखी करत आले, सायीबरोबर पाव खाल्ला, चष्मा चढवला आणि एका बोटानं आपलं नाव टाइप करायला बसले. त्यात एक अक्षर राहून गेलं.

"हे चुकलं ना गं, सूनबाई?" त्यांनी विचारलं.

"हो, चुकलं. पण बेरीज आकड्यावरून होते. तुमच्या दुधाला धक्का लागायचा नाही."

"मग राहू दे," ते म्हणाले. पण जाता जाता परत बसले आणि ते अक्षर घालूनच उठले.

पुढच्या महिन्यात पेरिझातनं यादीच्या तळाशी आणखी एक ओळ घातली. टाकीत मोजलेलं एकूण दूध, वजा सगळ्यांच्या बेरजांची बेरीज. तिथे शून्य यायला हवं. वाटपाच्या दिवशी बायका अंगणात जमल्या आणि त्या ओळीत सहा आले.

"सहा लिटर," उपील म्हणाली. "ते काय घेऊन बसलीस? वाट पैसे, मला पाव लावायचेत."

"शून्य आल्याशिवाय डबा उघडणार नाही."

"ही तर कारखानदारीणच झाली," मागून कोणीतरी म्हणालं.

पेरिझातनं मान वर केली नाही. वरून खाली येत येत तिला ती ओळ सापडली. तारीख होती, सहा लिटर होते, आकड्याची जागा रिकामी होती. तिनं ती तारीख मोठ्यानं वाचली आणि एकेकीला विचारलं, त्या संध्याकाळी तुझं दूध किती होतं. प्रत्येकीचं उत्तर पानावरच्या नोंदीशी जुळत होतं. बायका कुरकुरू लागल्या. चहाची दुसरी फेरी झाली.

"त्या संध्याकाळी वासरू सुटलं होतं ना गं?" बाकावरून नुरिपा-आपा म्हणाल्या. "तू कॅन टाकून नदीकडे पळालीस. दूध मी मोजलं, तू आल्यावर घाईनं लिहिलंस."

पेरिझातनं घरचा आकडा पाहिला. त्या संध्याकाळी त्या आकड्याची ओळच नव्हती. तिनं रिकाम्या जागी आपल्या घराचा आकडा भरला आणि खाली सहाचं शून्य झालं.

शार्शेकान सगळ्यांकडे वळली. "बघितलंत? स्वतःचंच विसरली होती."

उपीलनं चहा पुरे म्हणून पेला उपडा ठेवला आणि रांगेत जाऊन उभी राहिली. पेरिझातनं डबा उघडला आणि एक नंबरपासून पैसे मोजायला सुरुवात केली.