गर्दीचं भिंग आणि आबांचं नाक

हा किस्सा मी सहसा सांगत नाही. सांगितला की लोक आधी हसतात, आणि मग माझ्याकडं अशा नजरेनं बघतात की हातातला चहा खाली ठेवावासा वाटतो. पण तुम्ही आपले आहात म्हणून सांगतो. माझ्या हातून एका माणसाचा चेहरा गेला. कायमचा!

पंच्याहत्तर-शहात्तर साल असेल. घोटावड्यात माझा फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे काय, एक खोली, एक पडदा आणि भात्याचा मोठा लाकडी कॅमेरा. डोक्यावर काळं कापड घेऊन मागच्या दुधी काचेत बघायचं आणि तिथं माणूस उलटा दिसायचा, तसला. त्याला दोन भिंगं होती. दोन्ही काळी, एकाच मापाची, अगदी जुळी! एक जरा रुंद बघायचं, ते गर्दीचं. दुसरं चेहऱ्याचं, त्यातून नाकडोळे जिथल्या तिथं यायचे. फरक थोडासाच. पण बाहेरच्या कामाला कुठलं न्यायचं यावर मी तासभर घालवायचो! बायको म्हणायची, "मला बघायला आलात तेव्हा केला होता का हो एवढा विचार?"

त्या दिवशीही दोन्ही भिंगं फडक्यावर मांडून पुसत बसलो होतो. एवढ्यात शेजारच्या रिहे गावचा शिवराम दारात सायकल टाकून आत आला.

"आमच्या आबांचं झालं. फोटू काडायचाय."

काय झालं, हे विचारायला नको? पण माझं लक्ष भिंगात! मी आपला धंद्यातला प्रश्न केला, "उभा की आडवा?" म्हणजे कागद उभा धरायचा की आडवा.

शिवराम माझ्याकडं बघतच राहिला. "आडवाच की! आता उभं कसं करनार त्यास्नी?"

"माणसं किती?"

"समदी भावकी जमलीया."

"आणि आबांची तयारी?"

"आंगूळ घातली, नवं धोतार नेसवलं, हार आनल्यात. तुमच्यापायीच थांबलोय."

नवं धोतर, हार, म्हणजे आबांची पंच्याहत्तरी झाली! मी मनात ठरवूनसुद्धा टाकलं. आडवा कागद, सगळी भावकी, मधोमध हार घातलेले आबा. गर्दीचं भिंग कॅमेऱ्याला लावलं आणि चेहऱ्याचं टेबलावर ठेवून निघालो. दोन्ही न्यायला काय झालं होतं? खिशात मावलं असतं की! पण नाही. इतका विचार करून निवडलं होतं ना!

रिह्यात पोचलो तर अंगणात बांबू बांधायचं काम चाललेलं. मला वाटलं, मांडव घालतायत. माणसं खाली माना घालून बसलेली. म्हटलं, फोटोला लाजतायत. मी टाळी वाजवली. "चला मंडळी! बुटके पुढं, उंच मागं, चेहरे जरा हसरे ठेवा! उत्सवमूर्ती कुठं आहेत?"

आबांच्या थोरल्या मुलानं नुसतं ओटीकडं बोट केलं.

आबा आडवे होते. नाकात कापूस.

इतकी लाज मला जन्मात कधी वाटली नाही. उशाशी आबांची म्हातारी बसली होती. ती रागावलीसुद्धा नाही. म्हणाली, "यकबी फोटू न्हाई ह्यांचा घरात. त्वांड तेवडं नीट येऊ द्या, बाबा."

तोंड! आणि तोंडाचं भिंग घोटावड्यात! जाऊन आणतो म्हटलं, तर थोरला म्हणाला, "सकाळधरनं ठिवल्यात त्यास्नी. आता थांबायचं न्हाई."

मग काय करता? आबांना भिंतीला टेकवून बसवलं, कापूस काढला. त्या गर्दीच्या भिंगातून आबा पावट्याएवढे दिसत होते. चेहरा मोठा यावा म्हणून मी कॅमेरा पुढं सरकवला. आणखी पुढं. अगदी नाकापाशी! आता त्या भिंगाची खोड अशी, की जवळ गेलं की जे पुढं असेल ते फुगवायचं. मला काय हे ठाऊक नव्हतं? पण काचेत आबा उलटे, आणि कापडाखाली माझ्या डोळ्यांत पाणी. मला धड काही दिसलंच नाही.

फोटो धुतल्यावर दिसलं. वांग्याएवढं नाक, आणि त्याच्या मागं कुठंतरी आबा.

तरी तेराव्याला घेऊन गेलो. न नेऊन सांगतो कुणाला? म्हातारीनं फोटो लांब धरला, मग जवळ धरला.

"ह्ये कोन?"

"आये, आबा हायेत," थोरला म्हणाला.

"पन्नास वर्सं बगितलंय मी त्यास्नी. ह्ये आमचं न्हवंत."

ती रडली असती तरी मला परवडलं असतं. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी तोंड उघडलं, आणि दुकानात रोज गिऱ्हाइकाला म्हणायचो तेच सवयीनं बाहेर पडलं.

"पसंत नसेल तर राहू द्या, आजी. एकदा त्यांना दुकानात पाठवा, दुसरा काढून देतो."

म्हातारीनं फोटो पदराखाली घेतला.

"त्ये न्हाईत यायचं आता," ती म्हणाली. "तुमालाच जावं लागंल तिकडं."