मावसाजी मशीन पाहतात

वस्तू विकत घेणारे लोक जगात पुष्कळ असतात, पण वस्तू नुसत्या पाहण्यासाठीच जन्माला आलेला मनुष्य मी एकच पाहिला, आणि तो म्हणजे आमचे मावसाजी. माझ्या मावशीचे हे यजमान चिखलीच्या कोर्टात नाझर होते, आणि पेन्शन घेतल्यावरही गाव त्यांना नाझरसाहेबच म्हणे. मी त्या वेळी चिखलीच्या शाळेत मास्तर होतो आणि मावशीकडेच राहत होतो, त्यामुळे मावसाजींचं पाहणं मला रोज पाहायला मिळे. छत्री घ्यायची झाली तर ते ती दुकानाच्या अंगणात उघडून तिच्याखाली स्वतः उभे राहत आणि दुकानदाराला वरून घागरभर पाणी ओतायला सांगत. बहुतेक छत्र्या या परीक्षेला उतरत. दुकानदार उतरत नसत. आंब्याची आढी घालायची म्हणून हंगामभर रोज बाजारात जात, रोज एक फोड चाखत, "अजून साखर उतरली नाही" म्हणून हात पुसत परत येत, आणि बाजारातला शेवटचा आंबा संपला की "यंदा आंब्यात काही राम नव्हता" असा निकाल देत. एकदा मावशीची पाठ धरली, तेव्हा वैद्य, हकीम आणि सरकारी डॉक्टर अशा तिघांच्या ओट्यावर बसून इतरांच्या पाठी कशा बऱ्या होतात ते आधी पाहून आले. तोवर मावशीची पाठ आपली आपण सुटली, आणि मावसाजींनी त्याचं श्रेय आपल्या पद्धतीला दिलं. मावशी म्हणे, "मला मात्र एकदाच पाहिलं हो. सासरे सोबत होते, त्यांनी यांना तोंडच उघडू दिलं नाही."

अशा माणसाकडे सखाराम जीनगराने शिवणयंत्र निवडायचं काम सोपवलं, यावरून सखारामची अडचण केवढी होती ते कळावं. सखाराम खोगिरं, टांग्याचं सामान आणि बैलांच्या गळ्यातले घुंगरांचे पट्टे शिवी. त्याच्या हाताला जेवढी सफाई होती तेवढीच जिभेला धार होती. आमच्या गावच्या एका रावसाहेबांनी त्याच्याकडून मखमली कडांचं खोगीर करून घेतलं होतं. रावसाहेबांकडे घोडा नव्हता. कमिशनरसाहेब दौऱ्यावर आले की खोगीर ओसरीत टांगलं जाई, आणि घोडा नुकताच पाणी प्यायला गेला असावा असा देखावा होई. पैसे घेताना सखाराम म्हणाला होता, "रावसाहेब, याले चारापानी लागत नाही, हे एक चांगलं केलं तुमी." सखारामचा आणि मावसाजींचा स्वभाव इतका उलटा होता की त्यांची मैत्री होणं भागच होतं. मावसाजींची एक छत्री पसंत व्हायच्या अवधीत सखारामची तीन लग्नं होऊन गेली होती. रोज दुपारी मावसाजी त्याच्या दुकानाच्या फळीवर जाऊन बसत. त्याने शिवावं, त्यांनी पाहावं आणि दोघांनी भांडावं, असा तो कार्यक्रम दिवेलागणीपर्यंत चाले.

पुढे सखारामचा उजवा अंगठा आखडला. कातड्यात आरी दाबायची ती अंगठ्याच्या जोरावर, आणि तोच वाकेना. तिसरी बायकोही वारली होती. घरात दुसरं कोणी नव्हतं. मोगलाईत जाफराबादेला दिलेली एक मुलगी होती, आणि जावई भला असल्यामुळे "आमच्याकडे चला" असे निरोप सारखे येत. सखारामला त्या भलेपणाचीच भीती वाटे. लेकीच्या घरी तुकडे मोडण्यापेक्षा कातड्याचं मशीन घ्यावं, पायडल मारावं आणि आपल्या दुकानात मरावं, असा त्याने बेत केला, पैशांची सोय केली आणि मावसाजींना म्हणाला, "नाझरसाहेब, खामगावले मशिनी आल्या म्हनतात. मले कोनतीबी चालते. सुई खाली गेली अन् वर आली म्हनजे झालं."

"खाली कशीही जाते रे सखाराम," मावसाजी म्हणाले. "वर काय घेऊन येते ते पाहावं लागतं."

मावसाजींचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. कापडात सुई चुकली तर टाका उसवून पुन्हा घालता येतो, भोक बुजून जातं. कातड्यात पडलेलं भोक कायमचं. एक टाका चुकला की पट्टा तिथूनच तुटणार, आणि तुटणार तो बैल उधळलेला असतानाच. तेव्हा कातड्याचं मशीन निवडताना मनुष्याने घाई करू नये, असं ते सांगत. यावर कोणी विचारलं असतं की इतर वस्तूंच्या बाबतीत तुम्ही घाई कधी केली, तर उत्तर देणं कठीण गेलं असतं. पण नाझराला उलट प्रश्न विचारायची गावाला सवय नव्हती.

मावसाजींनी परीक्षेसाठी जुन्या मोटेच्या कातड्याचा एक तुकडा पैदा केला. विहिरीच्या पाण्यात वर्षानुवर्षं भिजून आणि उन्हात वाळून त्याचं लाकूड झालं होतं. तो एका पिशवीत घालून दमणी जुंपायची, उंद्रीला बैल सोडून भाकरी खायची, आणि खामगावला मशिनींच्या एजंटापुढे जाऊन बसायचं, असा शिरस्ता सुरू झाला. सोबतीला मी असे. एजंट पहिल्या खेपेला फार उत्साहात होता. काळ्याभोर अंगावर सोनेरी वेलबुट्टी असलेलं एक मशीन पुढे ओढून तो म्हणाला, "साहेब, हे पाहा. जर्मन आहे."

"जर्मन असू द्या," मावसाजी म्हणाले, "कातडं आपलं आहे." आणि त्यांनी पिशवीतून तो तुकडा काढला, दुमडला, पुन्हा दुमडला आणि सुईखाली सरकवला. सुई कट्कन मोडली. मावसाजींनी दगावलेल्या रोग्याजवळून वैद्याने उठावं तशी मान हलवली आणि दुसऱ्या मशीनकडे वळले. त्याचीही सुई मोडली. पुढेपुढे आमची दमणी दिसली की एजंट चहा सांगे, खुर्ची पुसे आणि सुयांची पुडी काढून ठेवी. एकाची सुई मोडली नाही, पण त्याचा पाय कातड्याला पुढे ढकलीना. दुसरं ढकले, पण त्याचा टाका इतका बारीक पडे की कातडं पोस्टाच्या तिकिटासारखं फाटावं. ही दोन्ही कारणं खरी होती, हे मला कबूल केलंच पाहिजे. तिसऱ्याचं कारण मात्र एवढंच होतं की त्याचा आवाज मावसाजींना उद्धट वाटला.

इकडे सखाराम हातावर हात ठेवून बसलेला. पोळा आला आणि गेला. बैलांचे पट्टे लोकांनी अकोल्याहून तयार आणले. ते पट्टे घातलेले बैल दुकानावरून जाताना सखारामने तोंड फिरवलं, आणि दुपारी मावसाजींना धरलं. "मोट कोन शिवाले सांगते तुमाले? मले पट्टे शिवाचे हायेत."

"आज पट्टे शिवशील. उद्या मोट आली तर?"

"मोट येईन तवा मी मरून गेलो राहीन, अन् तुमी मशीन पाहूनच राह्यले राहसान." मग जरा थांबून तो हळूच म्हणाला, "दसऱ्याले जावई गाडी घेऊन येऊन राह्यला. तवापर्यंत मशीन आली तं ठीक. नाही तं मी चाललो जाफराबादले."

"दसऱ्याला पुष्कळ अवकाश आहे," मावसाजी म्हणाले.

खंडेनवमीच्या सकाळी ते नेहमीसारखे दुकानावर गेले; शाळेला सुट्टी म्हणून मीही गेलो. सखारामने आऱ्या, रांप्या, हातोडी धुऊन पुसून हळदकुंकू वाहिलं होतं. पूजेला मांडलेली हत्यारं दसरा उजाडेपर्यंत कोणी हलवत नाही. सखारामने ती हलवली होती. गोणपाटात नीट गुंडाळून वरून सुतळी आवळलेली होती.

"हे काय?" मावसाजींनी विचारलं.

"उद्या घाई होते ना. बांधून ठेवली."

मावसाजी बसले नाहीत. घरी आले, मावशीने वाढलेल्या पानावरून न जेवता उठले आणि मला म्हणाले, "चल." चिखलीहून खामगावला तेव्हा मोटार सुरू झाली होती. तिच्यात बसावं की नाही याचा मावसाजी दोन वर्षं विचार करत होते. रोज स्टँडवर जाऊन तिची चाकं पाहून येत. त्या दिवशी ते चाकांकडे न पाहता आत चढले. उंद्रीला ड्रायव्हर इंजिनात पाणी घालायला उतरला, तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मोटेच्या कातड्याची पिशवी घरीच राहिली. मी तसं म्हणालो. ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "राहू दे."

खामगावला एजंट दुकान बंद करण्याच्या बेतात होता. आम्हाला पाहताच त्याने निमूटपणे सुयांची पुडी काढली.

"ते द्या," मावसाजी म्हणाले.

"कोणतं?"

"ते, दाराजवळचं."

"शिवून पाहत नाही?" एजंटाच्या आवाजात अपमान झाल्यासारखं काहीतरी होतं. इतक्या खेपांनंतर त्या परीक्षेत त्याचाही जीव गुंतला असावा. तो माझ्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाला, "साहेबांची तब्येत ठीक आहे ना?"

मशीन दाराजवळचं घेतलं, कारण ते उचलून बाहेर न्यायला सोपं होतं. दुसरं कोणतंही कारण मला दिसलं नाही. रात्र धर्मशाळेत काढली, आणि दसऱ्याच्या दुपारी मोटारीच्या टपावर मशीन बांधून आम्ही चिखलीत उतरलो. सखारामच्या दारात गाडी उभी होती. जावई दोरी आवळत होता. मावसाजी घामाघूम होऊन पुढे झाले आणि म्हणाले, "सोडा ती दोरी."

संध्याकाळी सोनं वाटत निघालेले रावसाहेब गर्दी पाहून तिथे थांबले. गर्दी आणि स्वतः असे दोघे एकत्र आले की भाषण होतं, असा त्यांचा अनुभव होता. यंत्रयुगाच्या प्रभातकाळी आपला वऱ्हाड मागे नाही, अशा अर्थाचं ते बराच वेळ बोलले. मग सखारामने जाड पट्टा सुईखाली धरून पायडल मारलं. सुई खाली गेली, वर आली आणि टाका सोडून आली. पुन्हा मारलं, पुन्हा टाका सुटला. लोकांनी रावसाहेबांकडे पाहिलं. रावसाहेबांना आणखी तीन घरी जायचं असल्याचं आठवलं.

"वा, नाझरसाहेब," सखाराम म्हणाला. "वर्षभर पाहून पाहून हे ध्यान आनलं?"

 मावसाजींनी वाकून मशीनचं चाक हाताने सावकाश फिरवलं. टाका बसला. पुन्हा फिरवलं, पुन्हा बसला. पायडलच्या वेगाने त्या मशीनच्या सुईला दम लागत होता. जाड कातडं आलं की तिला कोणीतरी चाकाला हात लावून सांभाळून न्यायला हवं होतं. सखारामचे दोन्ही हात कातडं धरण्यात गुंतलेले. मावसाजी फळीवर बसले, उपरणं खांद्यावर टाकलं आणि म्हणाले, "तू धर. मी फिरवतो. तात्पुरतं."

जावई दुसऱ्या दिवशी रिकामी गाडी घेऊन जाफराबादेला गेला. मावसाजींचं तात्पुरतं पुढे काही वर्षं चाललं. जेवण झालं की ते दुकानावर जात आणि चाकाशी बसत. ब्राह्मणाने कातड्याच्या दुकानात बसून चाक फिरवावं यावर गावात बोलणं झालंच. एका शास्त्रीबुवांनी तर घरी येऊन विचारलं. मावसाजींनी त्यांना शांतपणे सांगितलं, "मशीन पारखतो आहे. अजून पसंत केलेलं नाही." शास्त्रीबुवांना मावसाजींचा इतिहास ठाऊक होता, त्यामुळे हे उत्तर त्यांना पुरलं. सखाराम त्या मशीनला आणि ते आणणाऱ्याला रोज शिव्या घाली. एका हंगामात खामगावचा एजंट वसुलीला चिखलीत आला असताना दुकानात डोकावला, मशीनची ही दशा पाहून ओशाळला आणि म्हणाला, "अहो, कळवायचं नाही का? बदलून देतो मी."

सखारामने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कायले? चांगली तं हाय."

मावसाजींनी मान वर केली नाही. चाक मात्र अंमळ जोरात फिरलं असावं, कारण टाका सुटला, आणि एजंटादेखत दोघांचं भांडण सुरू झालं.

एका पावसाळ्यात मावसाजी तापाने पडले. पोळा जवळ आला होता, म्हणून सखारामच्या मदतीला मी शाळा सुटल्यावर चाकाशी बसलो. रोहिणखेडकडचा एक शेतकरी पट्ट्यांसाठी ताटकळत उभा होता. पहिला पट्टा निम्म्यावर आला तोच सखारामने हात उचलला. "मास्तर, केवढी घाई हाताले. पोरं कशी शिकतात बाप्पा तुमच्यापाशी?" त्याने दोरा काढला आणि मशीनवर गोणपाट टाकलं.

"अन् माह्ये पट्टे?" शेतकरी म्हणाला.

"थांब ना बे. पट्ट्यावाचून बैल मरत नाही."

सखाराम माझ्याबरोबर घरी आला आणि ओसरीत मावसाजींच्या खाटेजवळ खाली बसला. मावसाजींनी डोळे मिटलेलेच ठेवून विचारलं, "कोण, सखाराम? टाका सुटतो का रे अजून?"

"सुटते ना. मास्तराच्या हातानं तं लयच सुटते."

"मग दुसरं पाहिलं पाहिजे."

"पाहू. तुमी उठा, मंग जाऊ खामगावले. मीबी येतो या खेपेले."

"तू येऊ नकोस. तू पहिलंच घेशील."

"घेईन. तुमच्यासंगं बसून अर्धी अक्कल गेली, तरी अर्धी हाय अजून."

मावसाजी हसले असावेत. खाट थोडी करकरली.  पट्ट्यांचा शेतकरी मागोमाग अंगणापर्यंत आला होता, तोही पट्ट्यांचं नाव न काढता पायरीवर टेकला. मावशीने आतून सगळ्यांना चहा पाठवला. उठायची कोणाला घाई दिसेना.

मावसाजी त्या दुखण्यातून उठले नाहीत. दिवाळीनंतर जाफराबादेहून पुन्हा गाडी आली. या वेळी सखारामने ती रिकामी पाठवली नाही.