उतारावरच्या मंगलकाकी

मंगलकाकी पिकअप चालवायला बसल्या की आधी चपला काढतात. त्या सीटखाली सारतात, पदर कमरेला खोचतात आणि उघड्या पायानं ब्रेक एकदा दाबून बघतात. पहिल्यांदा त्यांच्या शेजारी बसले तेव्हा मी विचारलं होतं, "काकी, उन्हाळ्यात पाय भाजत न्हाईत का तुमचे?" तर म्हणाल्या, "भाजू दे की. चपलेला काय कळतंय, अलके? गाडी काय म्हणती ते पायाला कळाय पायजे."

मी मुळातच भित्री. एसटीत बसले तरी पुढच्या सीटचा दांडा सुटत नाही माझ्या हातून. त्यात मंगलकाकींची शेजारीण होणं नशिबात लिहिलेलं. धाराशिवला कापडाच्या दुकानात मी कामाला, आणि काकींची गाडी कांदा, सोयाबीन, कधी शेळ्या भरून तिकडंच जायची. त्यामुळं जाताना मी पुढं त्यांच्या बाजूला. समोरून ट्रक आला की मी डोळे मिटायची. काकी हसायच्या. "डोळं झाकून ट्रक माघारी जातोय व्हय गं?"

गाडी काकींच्या नवऱ्याची, वसंतकाकांची. त्यांची पाठ कामातून गेली तेव्हा घरात ती विकायची बोलणी सुरू झाली. काकींनी किल्ली कमरेला खोचली ती खोचलीच. रिकाम्या रानात पुढं-मागं करत शिकल्या, रीतसर लायसन काढलं आणि एक दिवस कांद्याची पोती भरून निघाल्या. "लई इचार केला की क्लच जळतोय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लग्नाच्या बोलणीपासून विहिरीच्या मोटारीपर्यंत कुठल्याही अडचणीला त्या हेच ऐकवायच्या.

बाई गाडी चालवते म्हणून बाजारात लोक हसत, ते काकी कानाआड करत. एकच गोष्ट त्यांना झोंबायची. माल भरला की गाडी मागं बसायची, आणि हमाल ओरडायचे, "काकी, गाडीनं बूड टेकलं बगा!" इतरांच्या पिकअप मागून उचलून घेतलेल्या, ताठ. शेवटी काकी गाडी घेऊन रज्जाकभाईंच्या कमान-पाट्याच्या दुकानात गेल्या. मीही सोबत होते. रज्जाकभाईंनी मागच्या दोन्ही चाकांवरच्या स्प्रिंगांत जादा पाटा टाकला, ॲक्सलवर लोखंडी ठोकळे बसवले, आणि गाडीचं मागचं अंग चांगलं वीतभर वर आलं. काकी दोनदा भोवती फिरल्या. नव्या सुनेकडं बघावं तसं गाडीकडं बघत होत्या.

रज्जाकभाई मात्र हात पुसत गाडीखाली बोट दाखवत राहिले. "भाबी, ही दांडी बगा. मालानं गाडी दबली की ही वर उचलती, मंग मागच्या चाकाला ब्रेक जादा जातो. आता गाडी दबतीच कुठं? ब्रेकला वाटतंय गाडी रिकामीच हाय. सगळा भार फुडच्या चाकावर, उताराला ते ब्रेक तापून सुटत्यात. लांब दांडी मागवलोय मी. ती येईस्तवर भरली गाडी उतारानं न्यायची न्हाय."

"न्हाय नेत," काकी म्हणाल्या.

धाराशिवच्या रस्त्याला उतार नाही, सगळा माळ. पण आमचं गाव बालाघाटाच्या काठावर आहे, आणि सोनारीला जायचं तर डोंगर उतरावाच लागतो. चैत्रात काळभैरवनाथाची यात्रा. दरवर्षी आमच्या गल्लीतल्या बाया काकींच्या गाडीतूनच जायच्या. यात्रा तोंडावर आली आणि दांडीचा पत्ता नव्हता. माझं जेवणावरचं मन उडालं. रोज विचारायची, "काकी, दांडी आली का?" रोज उत्तर एकच, "ईल की."

यात्रेच्या सकाळी बाया नटूनथटून गाडीत चढल्या. नैवेद्याच्या दुरड्या, पाण्याच्या कळश्या, पोरंबाळं. माझी आई सगळ्यांत मागं, उघडझाप होणाऱ्या फाळक्याला टेकून. मी काकींच्या खिडकीशी जाऊन हळूच म्हणाले, "काकी, नका नेऊ. रज्जाकभाई काय म्हणाले होते?"

"आगं, बाया म्हंजे काय कांद्याची पोती हायत का? सावकास उतरू. देवाला निघालेल्या बायांना म्या दारातनं माघारी धाडू? बस गुमान."

मी बसले. आई मागं असताना मी घरी कशी राहणार होते?

पहिल्या वळणापर्यंत सगळं ठीक होतं. मागं बायांनी भैरोबाची गाणी धरली होती. दुसऱ्या वळणानंतर जळका वास आला. मी काकींकडं पाहिलं. त्यांचा चेहरा तसाच होता, पण ब्रेकवरचा तो उघडा पाय दाबत होता, सुटत होता, परत दाबत होता, आणि दर वेळी आणखी खाली जात होता.

"अलके," त्या म्हणाल्या. आवाज इतका हळू की मला गाण्यातून नीट ऐकूही येईना. "पाय आत चाललाय. वरडू नकू. मागं कळलं तर बाया उड्या टाकतील."

डाव्या हाताला दरी होती. काकींनी क्लच दाबून गाडी खालच्या गिअरात घातली, इंजिन किंचाळलं, गाडीला हिसका बसला. मागं कुणीतरी खळखळून हसलं.

"मधला हातब्रेक धर. एकदम वढलास तर गाडी फिरंल. म्या म्हणीन तवा एक दात. वढ."

मी ओढला. कट्ट असा आवाज करत दांडा एक दात वर सरकला.

"आजून एक. थांब. वळण सरू दे. आता वढ."

मला देव आठवला नाही, काही आठवलं नाही. फाळक्याला टेकलेली आईची पाठ तेवढी डोळ्यांपुढं होती, आणि तो फाळका जुना होता. गाडीचा वेग हळूहळू मोडत गेला. रस्त्याच्या कडेला मुरमाचा ढीग होता, काकींनी गाडीचं नाक त्यात घातलं आणि आम्ही थांबलो.

"इथं कशाला थांबवली गं मंगल?" मागून आई विचारत होती. "देव लांब हाय की आजून."

काकी अनवाणीच खाली उतरल्या. काहीही सांगून वेळ मारून नेता आली असती. बायांनी विश्वास ठेवला असता. पण त्या गाडीच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "उतरा समद्या. गाडीला ब्रेक न्हाईत. आन उताराला धोका हाय ते मला म्हाईत हुतं. तरी म्या तुमाला घिऊन आले."

गाणं बंद पडलं. एकेक बाई पोरं छातीशी धरून उतरली. कुणी शिवी दिली नाही, कुणी रडलं नाही. सगळ्या दुरड्या उचलून उतार चालू लागल्या, खालच्या फाट्यावर एसटी मिळेल म्हणून. आईनं माझं मनगट असं धरलं होतं की वळ उठले. मी वळून पाहिलं. काकी मुरमावर बसल्या होत्या आणि दोन्ही हातांनी स्वतःचा उजवा पाय दाबून धरत होत्या. तो थरथरायचा थांबतच नव्हता.

पुढं ठोकळे निघाले, दांडी नीट बसली, गाडी पुन्हा मागं टेकू लागली. हमालांच्या बोलण्याकडं काकींनी मग लक्ष दिलं नाही. गल्लीतल्या बायांनी मात्र वर्षभर त्या गाडीत पाय ठेवला नाही. भांडण नव्हतं, हळदीकुंकवाला येणं-जाणं होतं. पण गाडीचा विषय निघाला की सगळ्या जमिनीकडं बघायच्या. मीही एसटीनंच जायची.

पुढची यात्रा आली. आदल्या दिवशी सकाळी काकींनी गाडीत मुरमाची पोती भरली. गच्च भरली, दोरीनं आवळली, आणि एकट्याच उताराकडं निघाल्या. वसंतकाका काठी टेकत आडवे आले. "मी बसतो संगं." काकींनी त्यांनाही बसू दिलं नाही. आम्ही बाया उताराच्या तोंडाशी जमलो. गाडी वळणाआड गेली. इंजिनाचा आवाज लांब लांब जात बंद झाला. आई पदर तोंडात धरून उभी होती. गाडी परत वर चढताना दिसली तेव्हा तीच पहिल्यांदा रडली, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांत आधी गाडीत चढली.

तेव्हापासून दरवर्षी हेच. काकींच्या गाडीतून आधी पोती डोंगर उतरतात, मग बाया. आम्ही आता म्हणतो, "काकी, बास झालं, गाडी चांगली हाय." त्या ऐकत नाहीत. यंदा पोती भरायला मी हात लावला. एवढ्या वर्षांत न विचारलेलं विचारलं, "काकी, एकट्या उतरताना भ्या वाटत न्हाई का तुमाला?"

"एकटी कुठं आसते?" त्या म्हणाल्या. मग एकेका पोत्यावर हात ठेवत गेल्या. "ही यमुनाबाई. ही तिची नात. ह्यो शांताबाईचा बारका. फाळक्याला टेकून तुजी आई." दोरीची गाठ त्यांनी पुन्हा एकदा आवळली. "समद्यांची नावं घेत उतरते म्या. एक जरी पोतं हाललं तर दुसऱ्या दिशी गाडी काढायची न्हाय."

पुढं, त्यांच्या शेजारच्या सीटवर, एक पोतं वेगळं ठेवलेलं होतं. ते कुणाचं, हे मी विचारलं नाही. काकींनी चपला काढल्या आणि गाडी सुरू केली.