कोणतं नाइस?

डॉक्टर पोरगेलासाच होता. मामांच्या छातीला नळी लावून त्यानं ऐकलं, खाटेला टांगलेला कागद वरखाली पाहिला, मामांच्या खांद्यावर थोपटलं आणि "नाइस, काका, व्हेरी नाइस" म्हणून पुढच्या खाटेकडे निघून गेला. मामांनी मला बोटानं जवळ बोलावलं. मी कान खाली नेला तर म्हणतात, "सुमन, डॉक्टर नाइस म्हणून राहिला. आता माह्यं काही खरं नाही." मला हसू आलं. मामी स्टुलावर बसून मोसंबी सोलत होती, ती मात्र हसली नाही. पुढच्याच आठवड्यात मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ड्यूटीवर असताना निरोप आला की श्रावणमामा गेले. कानावरचा हेडफोन काढून ठेवला तेव्हा मला पहिल्यांदा काय आठवावं, तर त्या पोरगेल्या डॉक्टरचं ते थोपटणं. मला त्याचा रागच आला. त्या बिचाऱ्याचा काय दोष, हे कळत असूनही आला.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी नागपूरच्या इंदोऱ्यातल्या घरासमोर मांडव घातला होता. वंदना झाली, भाषणं झाली. मामांच्या शाळेतून आलेले एक निवृत्त शिक्षक इंग्रजीतून बोलले आणि त्यांनीही तोच शब्द काढला... "अ नाइस मॅन, अ व्हेरी नाइस मॅन." आमच्या घरच्या चार डोळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मामा असते तर त्यांनी चष्मा वर करून त्या माणसाकडे असं पाहिलं असतं की त्याला पुढचं वाक्य सुचलं नसतं. माणसं पांगल्यावर मी आत भांडी आवरत होते. मामी मागून आली, दार ओढून घेतलं आणि म्हणाली, "सुमन, तुले इंग्रजी येते. एक इचारतो, खरं सांगजो. तुहा मामा रोज जेवल्यावर मले नाइस म्हणे. इतकी वर्सं म्हणे. कोणतं नाइस वं ते? आपल्या घरातलं, का लोकायचं?"

मी पातेलं खाली ठेवलं. मी म्हटलं, "मामी, त्यांनाच कधी काहून नाही विचारलं?" तर म्हणते, "इचारलं असतं अन् 'घरातलं' म्हटलं असतं तर मंग? दुसऱ्या दिवशी पोळी तर वाढाच लागते ना."

"आपल्या घरातलं नाइस" म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं, नाहीतर मामीचा जीव कशात अडकला आहे ते कळायचं नाही.

मामा कुहीकडच्या एका खेड्यातले. धानाच्या बांध्यांत चिखल तुडवत मोठे झालेले. छप्पन्न साली आमच्या सगळ्या कुटुंबानं दीक्षा घेतली तेव्हा ते कॉलेजात होते. पुढे इंग्रजी घेऊन पास झाले आणि महालातल्या एका शाळेत मास्तर लागले. ही साठ सालानंतरची गोष्ट. रुजू झाले त्या दिवशी हेडमास्तरांनी त्यांना एक उतारा वाचायला लावला. मामांचा उच्चार खणखणीत. हेडमास्तर म्हणाले, "नाइस! व्हेरी नाइस!" आणि मॅट्रिकच्या वर्गाला इंग्रजी शिकवायचं म्हणून घेतलेल्या माणसाच्या हातात पाचवीची चित्रकला आणि कवायत दिली. स्टाफरूममध्ये एक जुने मास्तर पान लावता लावता म्हणाले, "हाऊ नाइस! तुमच्यातही आता इंग्रजी शिकवायला लागले!" मामा घरी आले ते तणतणतच. "च्यामारी, एका दिवसात दोनदा नाइस ऐकलं, अन् हाती काय, तर रंगाची पेटी!"

दुसरा कुणी असता तर चरफडून गप्प बसला असता. मामा सायकल काढून सीताबर्डीच्या एका वाचनालयात गेले. तिथे उशीएवढा जाड शब्दकोश होता. त्यात त्यांनी तो शब्द मुळापासून खणून काढला आणि रात्रीच्या जेवणाला आमच्या घरी येऊन जाहीर केलं. आमचं घर आणि मामांचं घर भिंतीला भिंत लावून. आई म्हणजे त्यांची धाकटी बहीण. मामीही त्या रात्री आमच्याकडेच होती, चुलीशी पोळ्या लाटत होती आणि आम्ही पोरं ताटं घेऊन बसलो होतो. मामा आनंदानं नुसते उतू जात होते. म्हणाले, "ऐका रे! नाइस हा शब्द लॅटिनातला. 'ने' म्हणजे नाही, अन् पुढचा तुकडा जाणण्याचा. ज्याले काही समजत नाही तो नाइस! अडाणी! येडा! तीनेकशे वर्सं हे इंग्रज लोक मूर्खाले नाइस म्हणत होते. मंग नखरेल माणसाले म्हणाले लागले, मंग काटेकोर माणसाले, बारीक फरकाले. अन् चांगलं हा अर्थ तर कालपरवाचा." आईनं विचारलं, "असं कसं होते दादा? मूर्खाचा चांगला होते का कधी?" मामा म्हणाले, "काहून नाही? आपला शहाणा पाह्य ना. 'मोठा शहाणा लागून गेला' म्हटलं तर शहाण्याचा काय होते? आपण चांगला शब्द नासवला, त्यायनं नासका सुधारला. हिशेब बरोबर झाला!"

त्या दिवसापासून आमच्या घरात नाइस म्हणजे मूर्ख. तोंडावर म्हटलं तरी समोरच्याला कळायचं नाही, ही त्यातली खरी मजा. एक दूरचे काका यायचे, तासन् तास स्वतःचीच थोरवी सांगायचे. मामा शेवटी म्हणायचे, "काका, यू आर व्हेरी नाइस," आणि काका खूश होऊन आणखी अर्धा तास बसायचे! आम्ही आत तोंडात पदर कोंबून हसायचो. आणि दुसऱ्यानं कुणी तो शब्द उच्चारला रे उच्चारला की मामांना संशय आलाच म्हणून समजा. बर्डीवरच्या दुकानदारानं कापड पसरून "नाइस पीस, साहेब" म्हटलं की मामा उठलेच. "पह्यल्या धुण्यात जाते हे," म्हणायचे. शाळा तपासायला आलेल्या साहेबानं "नाइस" म्हटलं की महिनाभर बदलीची वाट पाहायचे. आम्हाला हे सगळं थट्टेचं वाटायचं. आता वाटतं, ती सगळी थट्टा नव्हती. ज्याला सगळे गोड बोलतात आणि कुणीच काही देत नाही, तो माणूस शब्दाला नखानं खरवडून पाहणारच. मॅट्रिकचा वर्ग त्यांना मिळाला तो बऱ्याच वर्षांनी, आणि तेव्हा त्यांना कुणीही नाइस म्हटलं नाही.

ही सवय मला लागली ती लागलीच. एक्स्चेंजमध्ये दिवसभर प्लीज आणि थँक्यू ऐकायचं, म्हणजे गोड शब्दामागचा आवाज कान आपोआप चाचपतो. वर्तमानपत्राच्या या पुरवणीच्या संपादकांना या लेखाचं सांगितलं तेव्हा तेही पलीकडून "नाइस, नाइस" म्हणाले. लेख छापून येईपर्यंत मी काही भरवसा धरणार नाही.

सत्तर सालानंतरची गोष्ट. मला पाहायला प्रभाकर आला. कुही तालुक्यातलाच, पण नागपुरात नकाशे काढण्याच्या नोकरीत. मला तो आवडला होता, सरळच सांगते. मान वर करून बघत होता आणि चहा बशीत न ओतता पीत होता. मामांनी त्याला विचारलं, "तुमचं गाव इथून किती लांब?" तर हा म्हणतो, "कोणत्या रस्त्यानं?" मामा म्हणाले, "एसटीच्या." हा म्हणतो, "स्टँडपासून, का या घरापासून?" माझ्या आईनं कपाळाला हात लावायचाच बाकी ठेवला. पाहुणे गेले. मामांची शिकवणीची वेळ झालेली, ते सायकलवर टांग टाकता टाकता आईला ओरडून म्हणाले, "पोरगा नाइस आहे वं!" आणि गेले.

झालं! आईनं दुसऱ्याच दिवशी मध्यस्थाकडून नकार कळवून टाकला. मला पत्ता नाही. कळलं तेव्हा मी आईला विचारलं तर म्हणते, "दादानं नाइस म्हटलं त्याले. अन् मलेही दिसलंच ना. गाव किती लांब तेही सांगता येत नाही!" मी रडले, भांडले आणि मधल्या सुट्टीत थेट महालातल्या शाळेवर जाऊन धडकले. मामा व्हरांड्यात डबा उघडून बसले होते.

"मामा, त्याले मूर्ख काहून म्हटलं तुम्ही?"

"कोणाले? मी?"

"प्रभाकरले. नाइस म्हटलं ना?"

"हाव, म्हटलं. काटेकोर पोरगा आहे. चांगला आहे. अवं, या खेपेस खरंच नाइस म्हटलं मी!"

"ते आम्हाले कसं समजावं?" मी इतक्या मोठ्यानं ओरडले की दोन मास्तर वळून पाहायला लागले. "आईनं नकार पाठवला, मामा."

मामांचा घास हातातच राहिला. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. सगळ्या जगाच्या गोड बोलण्यावर संशय घेणारा माणूस, आणि आयुष्यात एकदा मनापासून गोड बोलला तर घरातल्या माणसांनीच त्याचा विश्वास धरला नाही! डब्याचं झाकण लावून ते एवढंच म्हणाले, "येत्या रविवारी त्यायच्या गावी जातो."

मुलीकडच्यांनी नकार देऊन पुन्हा दारात जायचं, म्हणजे मान खाली घालूनच जायचं. मामा गेले. तिथे काय झालं ते मला पुढे सासऱ्यांनी हसत हसत सांगितलं. त्यांना आधी वेगळाच संशय आला. "मास्तर, नाही म्हटलं अन् आता परत आले. पोरीत काही खोट आहे का?" मामांनी नाइस, लॅटिन, सगळं सांगून पाहिलं. ओसरीवर बसलेल्या लोकांना वाटलं, मास्तरचं डोकं फिरलं. शेवटी मामांनी हात जोडले आणि सरळ मराठीत म्हणाले, "तुमचा पोरगा चांगला आहे. मले पसंत आहे." सासऱ्यांना एकदा म्हणाले. मग आजेसासऱ्यांना कमी ऐकू यायचं म्हणून पुन्हा म्हणाले. मग सासूबाई दारात आल्या, त्यांनाही म्हणाले. सासरे सांगायचे, "एवढंसं वाक्य, पण मास्तरले घाम फुटला होता!"

परत आले ते आधी आमच्या घरी. आईसमोर आणि माझ्यासमोर पाण्याचा गडू रिकामा केला आणि म्हणाले, "आजपासून या घरात मूर्खाले मूर्खच म्हणायचं. तो धंदा बंद." आणि उठून आपल्या घरी जेवायला गेले.

मामीचा प्रश्न डोक्यात घेऊन मी बरेच दिवस फिरत होते. बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगायचं नव्हतं. मामांच्या माणसाला खोटं गोड सांगणं म्हणजे त्यांच्याच जिवावर उठणं. गेल्या रविवारी मी आणि प्रभाकर तिच्याकडे जेवायला गेलो. प्रभाकर पानावर बसला होता आणि ती वाढत होती. मी विचारलं, "मामी, मामांनी तुला पहिल्यांदा नाइस कधी म्हटलं, आठवते?"

"न आठवाले काय झालं? तुह्या लग्नासाठी कुहीले गेले ना, आले त्या सांजेले. पाटोडीची भाजी केली होती मी. ताट उचलाले वाकली तर म्हणे, नाइस. म्या म्हटलं, घ्या! मी अडाणी हाओच, आता मलेच आयकवून राहिले."

त्याच संध्याकाळी! "तो धंदा बंद" म्हणून ते आमच्या घरून उठले होते. ते आम्ही ऐकलं. मधे एक भिंत होती आणि भिंतीपलीकडे मामी पाटोड्या करत होती. तिला ते कुणी सांगितलंच नाही. मी तिला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. कुहीच्या ओसरीवरचंही सांगितलं. "चांगलं नाइस होतं मामी ते. शपथ."

मामीनं माझ्याकडे निरखून पाहिलं. डोळे पुसले. मला वाटलं, आता ही हसेल. पण ती भडकलीच. "लोकाच्या पोराले कुहीले जाऊन तीन तीनदा मराठीत चांगला म्हटलं! अन् मले घरात एक डाव म्हणाले काय झालं होतं? मी काय इंग्रजाच्या घरची होती? एक डाव म्हणाचं ना, चांगली आहेस म्हणून! मी इतकी वर्सं मान खाली घालून ताट उचललं वं... इतकी वर्सं!" आणि मग ती रडली. मामा गेल्यापासून अशी पहिल्यांदाच रडली. मामांचा राग आला आणि मामांची आठवणही आली, दोन्ही एकदमच.

प्रभाकरनं पानावरचा घास खाल्ला आणि म्हणाला, "मामी, भाजी चांगली झाली."

मामीनं पदरानं नाक पुसलं आणि त्याच्याकडे संशयानं पाहिलं. "खरं म्हणून राहिले का जावईबापू, का मी रडून राहिली म्हणून?"

"खरं," तो म्हणाला. "मीठ थोडं जास्त आहे. पण चांगली झाली."

"मंग घ्या अजून," मामी म्हणाली, आणि पळी भरून त्याच्या ताटात वाढली.