फरशीला फटका

तिसगावच्या दवाखान्यात बाकावर माझ्या शेजारी बसलेल्या त्या कडक इस्त्रीच्या आजोबांचं नाव मी विचारलं नाही. तशी इच्छाच झाली नाही. त्यांची चार वर्षांची नात चपलेचा पट्टा स्वतःच लावायचा म्हणून हट्टाला पेटली होती. पट्टा काही लागेना, तशी ती रडकुंडीला आली.

"चप्पलच वाईट हाय, मार तिला!" म्हणत म्हाताऱ्यानं आधी चपलेला, मग बाकाला, मग बिचाऱ्या फरशीला फटके दिले. पोरगी टक लावून बघत होती. शेवटी कंटाळून त्यानंच पट्टा लावून टाकला.

तिनं त्याच्या गालावर फाडकन चापट मारली.

त्यानं तिच्या पाठीत धपाटा घातला नि माझ्याकडे वळून म्हणाला, "एवढीशी पोर, मारायला कुठनं शिकली कळत न्हाई बघा."