रकाना सहावा : कुठे गेला

मी पेन मागितलं, तर त्यांनी माझ्यासमोर शाईचं पॅड सरकवलं.

क्रान्त्स नावाचा म्हातारा आमच्या इमारतीची घरवही सांभाळायचा. हाउसबुख. इमारतीत कोण राहतं, कुठून आलं, कुणाकडे पाहुणा किती दिवस, सगळं त्या वहीत. रशियन लष्कराच्या ताब्यातल्या पूर्व बर्लिनमध्ये तेव्हा इमारतीगणिक अशी वही. शहराच्या मधोमध भिंत अजून बांधायची होती, पण वह्या तयार होत्या. क्रान्त्सने माझ्या हाताकडे बघितलं आणि शेजारी बसलेल्या सरकारी फाइलवाल्या माणसाला म्हणाला, "यांच्याकडे अंगठा चालतो."

फाइलवाला हसला. "गेनाऊ," म्हणाला. अगदी बरोबर.

मी जुळारी. छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारा. पुण्याच्या कामगार संघटनेने मला इथे नवी यंत्रं शिकायला धाडलं होतं. मराठी, इंग्रजी, जर्मन, तिन्ही भाषांचे खिळे मी डोळे मिटून उचलायचो. आणि समोर पॅड. जांभळं, ओलं. माझा अंगठा आपसूक पुढे गेला. कुणी धरून ओढला नव्हता. गेला. त्याची मला आजही किळस येते.

वहीचं पान लेन्त्सचं होतं. लेन्त्स माझा घरमालक, आणि माझ्याच छापखान्यातला जुळारी. त्याच्या दोन खोल्यांपैकी एक मला भाड्याने दिलेली. कामगारांनी सरकारविरुद्ध केलेल्या संपाच्या दिवसांत त्याने त्यांच्यासाठी एक पत्रक छापलं होतं. एवढाच गुन्हा. पुढे एका सकाळी आम्ही दोघं कामाला निघालो. तो पुढे, मी दोन पायऱ्या मागे. दारात रशियन लष्कराची गाडी उभी. दोन शिपायांनी त्याच्या काखेत हात घातले. त्याचा डबा पडला, उघडला, उकडलेलं अंडं फरशीवरून गडगडत माझ्या बुटापाशी येऊन थांबलं. लेन्त्सने एकदा मागे वळून बघितलं. माझ्याकडे. बाकीच्यांची दारं तोवर लागली होती.

त्यानंतर आठ आठवडे त्याची बायको, फ्राऊ लेन्त्स, लष्कराच्या कचेरीत जात होती. सोबत धुतलेले मोजे आणि त्याचा चष्मा. चष्मा घरीच राहिला होता. दर वेळी एकच उत्तर. "असा माणूस आमच्याकडे नाही. तुमची घरवही बघा." वहीत सहावा रकाना होता, 'कुठे गेला'. तो कोरा होता. तो कोरा आहे तोवर बाईला म्हणता येत होतं, माझा नवरा घर सोडून गेलेला नाही, तुम्ही नेलाय, परत द्या. तेवढाच तिचा आधार. आता ते कोरेपण भरायला फाइलवाला आला होता.

"लिहा," तो क्रान्त्सला म्हणाला. "पश्चिमेला, स्वखुशीने. खाली साक्षीदार म्हणून हे. परदेशी पाहुण्याची साक्ष चांगली दिसते."

त्याच्या फाइलमधला टाइप केलेला कागद त्याच्याकडे तोंड करून होता. त्याला वाटलं मला दिसत नाही. अहो, उलटं वाचणं हाच आमचा धंदा. कागदावर सगळं आधीच ठरलेलं होतं. लेन्त्स पळून गेला. बायकोने मदत केली. घर काढून घ्यावं. शेवटी साक्षीदाराचं नाव. माझं. त्यातही एक अक्षर चुकलेलं.

आणि मला वाटलं, हा कागद मी आधी वाचलाय.

वाचला होता. अकरा वर्षांचा असताना.

आमची जात इंग्रजांच्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार. तारेच्या कुंपणातली वसाहत. दिवसातून तीनदा हजेरी. पोर चालायला लागलं की त्याच्या बोटांचे ठसे. माझ्या बापाने मुकादमाच्या तोंडावर म्हटलं होतं, "आम्ही काय चोरलं ते तरी सांगा." दुसऱ्याच दिवशी बंदूकवाले शिपाई आले आणि हजेरीच्या रांगेतून त्याला घेऊन गेले. सगळी वसाहत बघत होती. दहा दिवसांनी वसाहतीच्या साहेबाने आईला कचेरीत बोलावलं. टेबलावर कागद, शेजारी पॅड. वसाहतीच्या शाळेत मी वाचायला शिकलो होतो. वाचता येणारं आमच्या घरात मी एकटाच.

आईने मला विचारलं, "काय लिवलंय रं?"

कागदावर लिहिलं होतं, 'फरार'. बाप फरार. साहेब माझ्याकडे बघत होता. नुसता बघत होता, हातात छडीसुद्धा नव्हती. माझी चड्डी ओली झाली. मी म्हणालो, "बाबाला सोडणार हायती, असं लिवलंय."

आई हसली. पॅडवर अंगठा चांगला दाबला आणि कागदावर उठवला. साहेबाला हात जोडले. साहेबही हसला, कारण मी काय केलं ते त्याला कळलं होतं.

पुढची चौदा वर्षं ती कपाळाला कुंकू लावून दारात बसत होती. सोडणार होते ना.

हे सगळं क्रान्त्सच्या खोलीत, त्या जांभळ्या पॅडपुढे आठवलं. भीती गेली असं म्हणणार नाही. पण त्या पोराचा मला असा राग आला, की तो समोर असता तर मी त्याच्या थोबाडीत मारली असती.

मी पॅड बाजूला केलं. फाइलवाल्याच्या खिशाला लावलेलं पेन काढून घेतलं. तो बघतच राहिला. सहाव्या रकान्यात मी जर्मनमध्ये लिहिलं, "आबगेहोल्ट. सैनिकांनी. मी पाहिलं." आबगेहोल्ट म्हणजे येऊन घेऊन गेले. पार्सललाही तोच शब्द, शाळेतून पोराला घरी नेतात त्यालाही तोच. कारखान्या-कारखान्यांतून, जिन्या-जिन्यांवर लोक तो दबक्या आवाजात बोलायचे. लिहायचं कुणी नाही. खाली पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. अक्षर न चुकवता.

क्रान्त्स म्हणाला, "पानांवर आकडे आहेत. फाडता येणार नाही हो आता!" त्याला तेवढंच दुःख.

फाइलवाल्याने माझ्या कानाखाली मारली. मग पेन पुसून खिशाला लावलं.

यातून कुणाचं भलं झालं असेल असं वाटत असेल, तर तसं काही नाही. तीन दिवसांत माझा राहण्याचा परवाना गेला. माझ्या ओळीवर शाईचा पट्टा ओढला. फ्राऊ लेन्त्सचं घर काढून घेतलंच. मी ट्रंक उचलून निघालो तेव्हा ती जिन्यात उभी होती. म्हणाली, "तुम्ही जाल. मला इथेच राहायचंय." तिने हात पुढे केला नाही. लेन्त्स कुठे पुरला, पुरला तरी का, कुणी सांगितलं नाही.

मी पश्चिमेला गेलो. स्वखुशीने नव्हे. कोलोनच्या एका छापखान्यात लागलो आणि पहिल्याच आठवड्यात आईला पत्र लिहिलं. त्या कागदावर 'फरार' होतं, मी वाचलं होतं, तुझ्याशी खोटं बोललो. उत्तर वसाहतीतल्या मास्तरांच्या अक्षरात आलं, पण शब्द तिचेच. "तवा खरं वाचलं असतंस, तर म्या अंगठा दिला नसता. मारून टाकलं असतं तरी दिला नसता." बाकी पान कोरं. त्यानंतर तिने पत्र पाठवलं नाही. माझी पत्रं न उघडता परत आली. ती गेल्याचंही मला मास्तरांनीच कळवलं.

कोलोनच्या नोंदणी कचेरीत दर घरबदलाला फॉर्म भरावा लागतो. बाप : हयात, मृत. एकावर खूण करा. मी करत नाही. खिडकीतली बाई दर वेळी म्हणते, "काहीतरी एकच असणार ना!" मी तिचंच पेन घेतो, दोन्ही शब्दांवर काट मारतो आणि बाजूला लिहितो : आबगेहोल्ट. ती फॉर्म परत करते. मी दुसरा घेतो, तेच लिहितो. मागे रांग खोळंबते. खोळंबू दे.

बाप परत द्या, नाहीतर कुठे मारला ते लिहून द्या. तोवर माझ्याकडून दुसरा शब्द मिळणार नाही.